कैलासवासी फुलवाला

मेडनहेड
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. तनयास,

आज दुपारी सव्वातीन वाजता मला कळलं की मी वारलो.

बातमी सांगणाऱ्या बाईंना माझ्याबद्दल फार वाईट वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून मीही गहिवरलो आणि म्हणालो, "आय ॲम सो सॉरी." स्वतःच्या निधनाबद्दल स्वतःच दुखवटा व्यक्त करणारा आपल्या घराण्यातला मी पहिला. मायन्यात 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायला हात गेला होता, तो थांबवला. मृतांच्या आशीर्वादांसाठी काही वेगळी शब्दयोजना असेल तर आमच्या गुरुजींनी ती शिकवलेली नाही.

क्रमाने सांगतो. सहा वर्षांत आपली गाठ नाही, तेव्हा तुला ठाऊक नसेल की मी आता फुलवाला आहे. संस्कृतात एम.ए. करून पंचवीस वर्षं रीडिंगला बँकेचं सॉफ्टवेअर तपासलं, मग एके दिवशी राजीनामा दिला आणि संध्याकाळच्या फ्लोरिस्ट्रीच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात चौदा बायका आणि मी. आता आठवड्याचे चार दिवस मेडनहेडला अर्चनाच्या दुकानात असतो. अर्चना मूळची नाशिकची, चाळिशीची. मला काका म्हणते आणि पोऱ्यासारखं राबवते. गिऱ्हाइकं मला 'पॅडी' म्हणतात. अख्खा पद्माकर त्या दुकानात मावत नाही.

तर एका ग्रीक बाईंची ऑर्डर आली. डेस्पिना त्यांचं नाव. सायप्रसच्या, पण चाळीस वर्षं लंडनच्या पामर्स ग्रीनला. मुलाचं लग्न अठरा जानेवारीला, कॅमडेनच्या ग्रीक चर्चमध्ये. थीम 'विंटर'. जानेवारीत इंग्लंडमध्ये हिवाळा मुद्दाम मांडावा का लागतो ते मी विचारलं नाही. बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "व्हाइट, मिस्टर पॅडी. एव्हरीथिंग व्हाइट. लाइक स्नो ऑन ऑलिव्ह."

मी विचारलं, नवरी नाही आली? तर त्या दचकल्याच. त्यांच्यात वधूने बुके आधी बघायचा नसतो. तो वराकडच्यांनी करवून घ्यायचा. वर तो हातात धरून चर्चच्या दाराशी उभा राहतो. मुलगी वडिलांचा हात धरून येते. वडील मुलगी देतात, मुलगा फुलं देतो, आणि मग दोघं आत जातात. मला पद्धत आवडली. आपल्याकडे अंतरपाट धरतात, त्यांच्याकडे बुके.

"पण आमच्या मुलीला वडीलच नाहीत," बाई म्हणाल्या. "आई गेली आणि मागोमाग बापही गेला. ऑर्फन. बिचारी टाटियाना."

इथे मी ते 'सो सॉरी' म्हणालो. रशियन असेल बिचारी, असं मनात आलं.

"तुमच्याकडचीच आहे," बाई म्हणाल्या. "इंडियन. डॉक्टर. गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला तेव्हा टाटियाना झाली. आधीचं नाव मला कधी म्हणताच आलं नाही. थांबा, ड्रेसचा रंग दाखवते."

आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

ड्रेस हस्तिदंती होता. एवढं मी वहीत लिहिलं, अक्षर नंतर मलाच लागलं नाही. रोझमेरीच्या काडीला तार गुंडाळत होतो, ती अंगठ्यात किती शिरली ते बाईंनीच ओरडून सांगितलं.

तू केस कापलेस.

बाबा


रीडिंग
रविवार, ३० नोव्हेंबर

चि. तनयास,

तीन दिवस मी ठीक आहे असं सगळ्यांना सांगतो आहे. मृताच्या मानाने ठीकच.

काल अर्चनाने पकडलं. मी बादलीत पाणी न घालता वीस ॲनिमोनी उभ्या केल्या होत्या. "काका, व्हॉट्स राँग विथ यू? फुलं मारताय का?" म्हणून अंगावर आली. मग मी सांगितलं. ती खोक्यावर मटकन बसली.

"म्हणजे ती ग्रीक वेडिंगवाली ब्राइड... तुमची तनया?"

"हो."

"आणि तिने सासूला सांगितलंय की तुम्ही गेलात?"

"हार्टने. बाईंनी जाताजाता कारणही सांगितलं."

"ओ माय गॉड, काका." मग उठून तिने ॲनिमोनींच्या बादलीत पाणी भरलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही असं काय केलं होतं?"

किती पटकन मुद्द्यावर येतात ही आजकालची मुलं. मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, नंतर सांगेन.  

मग तिचा सल्ला. डेस्पिनाबाईंना सरळ फोन करून सांगा. नाहीतर ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी देऊ, विंडसरची एक बाई आहे.

मी दोन्हीला नाही म्हणालो, आणि तुला त्याची कारणं कळायला हवीत. मी जिवंत आहे हे मी सांगितलं, तर तू खोटारडी ठरतेस. ज्या घरात तुला जन्म काढायचा त्या घरात, लग्नाच्या दीड महिना आधी. बाई तुला 'आमची मुलगी' म्हणतात. फोटोवर बोट फिरवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ते मी मोडणार नाही. तुझ्यासाठी मला आता करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे नीट मेलेलं राहणं.

आणि विंडसरच्या बाईला मी तुझा बुके करू देणार नाही. ती फुलांना चमकी मारते.

बाप्तिस्म्याबद्दल काही लिहिणार नव्हतो.  अर्चनाकडून कळलं की त्यांच्या चर्चमध्ये दोघंही ख्रिस्ती असल्याशिवाय लग्नच लागत नाही, म्हणजे तू केलंस ते नियमाप्रमाणे केलंस. नियमाप्रमाणे वागणाऱ्यांबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलू? पण नाव बदललं याचा धक्का निराळा. ते नाव तुझ्या आईने अकरा नावांच्या यादीतून काढलं होतं, आणि ती अकराही मी सुचवलेली होती.

बाबा


मेडनहेड
शुक्रवार, १२ डिसेंबर

चि. तनयास,

आज मी माझ्या श्राद्धाचं जेवलो.

हे वाक्य मी चारदा लिहून पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने लिहिलं तरी तेच निघतं.

डेस्पिनाबाई नमुन्याचा बुके बघायला आल्या होत्या. मी मांडून ठेवला होता. काळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या ॲनिमोनी, रननक्युलस, निलगिरीची रुपेरी पानं, ऑलिव्हच्या पाच डहाळ्या आणि मधे रोझमेरी. बाईंनी नाकाला लावून बघितला, "ब्राव्हो" म्हणाल्या, आणि लगेच ऑलिव्हवर स्प्रेने बर्फ मारता येईल का म्हणून विचारलं. मी म्हणालो, मॅडम, फवारा मारलात तर मी येणार नाही. त्या हसल्या. आम्ही आता एकमेकांवर विनोद करतो. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं त्यामुळेच जास्त वाईट झालं.

करवल्यांचे बुके पाच. तीन चालतील, सात चालतील, चार नाही. त्यांच्याकडे साखरेतले बदामसुद्धा विषम देतात, म्हणजे जोडप्यात वाटणी होत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सव्वा असतो. बाईंनी सव्वा समजून घेतला आणि त्यांना तो पटला.

मग त्यांनी पर्समधून कागदाची एक पुडी काढली आणि एक चिठ्ठी.

"तुम्ही इंडियन आहात, मला हे वाचून दाखवा. नीट म्हणायला शिकवा."

चिठ्ठीवर तुझं अक्षर. डॉक्टर झालीस तरी तुझं अक्षर अजून वाचता येतं. इंग्रजीत दोन नावं होती. वैजयंती. त्याखाली पद्माकर.

बाई सांगत होत्या. त्यांच्या घरात लग्नाआधी गेलेल्यांची आठवण काढल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाहीत. त्यांची आईही असंच करायची. चर्चमध्ये पाद्री आमची नावं वाचणार नाही, कारण आम्ही दोघं त्यांच्यातले नाही. "मग मी घरी वाचते," त्या म्हणाल्या. "गहू उकडते, मेणबत्ती लावते, आणि वाचते. पण नाव चुकीचं वाचलं तर ते ऐकणार कसे?"

मी शिकवलं. आईचं आधी. तीनदा म्हणून घेतलं. मग माझं. "पाद-मा-कार," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही, 'पद्'वर थांबायचं नाही, जोडाक्षर आहे." माझा आवाज अगदी व्यवस्थित होता, वर्गात असतो तसा. त्यांना जमलं तेव्हा त्यांनी छातीवर क्रॉस केला आणि म्हणाल्या, "तेरा दिवस! बायको गेल्यावर तेरा दिवसांत गेला. टाटियाना सांगते, हार्ट. मी म्हणते, प्रेम. असा नवरा आता कुठे मिळतो?"

तनया, मरणाचं कारणसुद्धा तू माझ्या लायकीपेक्षा चांगलं दिलंस.

पुडीत उकडलेले गहू होते. डाळिंबाचे दाणे, बदाम, पिठीसाखर आणि तीळ. आदल्या दिवशी आम्हा दोघांच्या नावाने केले होते त्यांनी. प्रत्येकाला चमचाभर द्यायचे असतात, नाही म्हणायचं नसतं. "खा, मिस्टर पॅडी, त्यांच्यासाठी." अर्चना काउंटरमागून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवून नको नको केलं.

मी खाल्ले. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवावा लागतो. कावळ्याची वाट न बघता मृतानेच येऊन चमचा उचलल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

चव चांगली होती. दाताखाली तीळ आला तेव्हा मात्र मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

आणखी एक. दाराशी तुला कोण घेऊन येणार, असं मी विचारलं. मुलाचे, म्हणजे आंद्रेआसचे, मामा तयार आहेत, बाई म्हणाल्या, पण तू नको म्हणतेस. एकटीच चालत येणार म्हणतेस. बाईंना ते बघवत नाही. "मुलगी एकटी कशी येईल चर्चला? लोक काय म्हणतील, हिला मागे कोणीच नाही?"

मी रोझमेरीची पानं खुडत राहिलो.

बाबा


रीडिंग
बुधवार, १४ जानेवारी २०२६

चि. तनयास,

आज संक्रांत. अर्चनाने सकाळी हातावर तिळाची वडी ठेवली आणि मी ती परत डब्यात ठेवली. ती म्हणाली, "काका, सहा महिन्यांचं भांडण असल्यासारखं करताय." मी म्हणालो, सहा वर्षांचं आहे. मग ती म्हणाली, "आता सांगा."

तिला सांगितलं. तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. तरी लिहितो, कारण मनातल्या मनात मी ही गोष्ट आजवर दर वेळी आई गेली तिथून सुरू केली आहे आणि शेवटाला पोचायच्या आत थांबलो आहे.

आई गेली तेव्हा तू तो फॉर्म पुढे ठेवलास. देहदान, मेडिकल कॉलेजला. तिची सही, दोन वर्षं आधीची. साक्षीदार म्हणून तुझी. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिच्या हजार सह्या पाहिल्या असतील, ही एक सोडून. कॉलेजची गाडी दुसऱ्या दिवशी आली. अग्नी नाही, अस्थी नाहीत. माझ्या हातात काहीच राहिलं नाही, आणि हाताला काहीतरी करायची सवय होती.

तेराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसलो. शास्त्रार्थ मला पाठ आहे. दक्षिणेकडे तोंड करायचं. आपल्या घरात दक्षिणेला बॉयलर आहे. काळे तीळ, पाणी, अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, स्टीलच्या वाटीत. वैजयंतीच्या नावाने सोडलं. तुझ्या आईच्या बाबतीत माझ्याकडून झालेली ही एकमेव गोष्ट योग्य होती असं आजही मला वाटतं.

मग मी पुन्हा ओंजळ भरली.

तू चहा घेऊन दारात आली होतीस. तुला संस्कृत येत नाही, ते शिकवायचं राहिलं. पण गोत्राचं नाव तुला माहीत होतं, आणि स्वतःचं. एका वाक्यात ती दोन्ही ऐकलीस. कप ओट्यावर ठेवलास. सांडलास नाहीस, ठेवलास. म्हणालीस, "बाबा, माझं नाव का घेतला तू?"

मी म्हणालो, "घेतलं."

मी तुझं व्याकरण दुरुस्त केलं. सहा वर्षांत तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो आहे.

जिवंत माणसाला तिलांजली देण्याचा विधी आहे. पतितांसाठी, कुळाबाहेर टाकायचं तेव्हा. हे मला माहीत होतं म्हणूनच ते मला करता आलं. ज्यांना माहीत नसतं ते दार आपटतात, शिव्या देतात, आणि आठ दिवसांनी फोन करतात. मी सगळं यथाविधी केलं. यथाविधी केलेल्याचा फोन करायचा कसा, ते विधीत सांगितलेलं नाही.

हे ऐकून अर्चना म्हणाली, "आणि तिने सासूला तेरा दिवस सांगितलं." तिच्या हातातली कात्री खाली गेली. "काका, ती तुम्हाला मारत नव्हती. तारीख खरी सांगत होती."

हे मला महिनाभरात सुचलं नव्हतं. मी मोठा टीकाकार.

बाबा


मेडनहेड
शनिवार, १७ जानेवारी

चि. तनयास,

बुके झाला. दुपारी दोनला सुरू केला, चारला दोरा बांधला.

देठ एकाच दिशेने तिरपे लावत जायचे, प्रत्येक फुलाला बुके थोडा फिरवायचा, म्हणजे खाली आपोआप मळसूत्र तयार होतं आणि बुके टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. माझा पहिल्या वर्षी कधी राहिला नाही. आज राहिला. ख्रिसमस रोझ घालावे असं फार मनात होतं, पण ते तोडल्यावर माना टाकतात, उकळत्या पाण्यात देठ बुडवूनही भरवसा नाही. तुझ्या हातात काही मान टाकायला नको.

एक चिठ्ठी लिहिली होती. चार ओळींची. रिबिनीच्या आत बसली असती. मग काढून घेतली. माझं ओझं तुझ्या हातात देऊन वर तुला सगळ्यांसमोर हसत चालायला लावायचं, एवढी अक्कल अजून शाबूत आहे.

उद्या अर्चनाला दुसऱ्या लग्नाचं काम आहे स्लाउला, म्हणून कॅमडेनला मी नेणार. दीडला चर्चच्या दाराशी मुलाच्या हातात द्यायचा. लग्न अडीचला. पावणेदोनला मी गाडीत असेन आणि दोनला परतीच्या रस्त्याला. मृताने अंत्ययात्रेत रेंगाळू नये, आणि लग्नात तर मुळीच नाही.

मी तुझ्यासमोर येईन ही तुझी भीती घालवायला हे लिहितो आहे, आणि तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही हे ठाऊक असून लिहितो आहे. कोणाची भीती घालवतो आहे ते उघड आहे.

बाबा


रीडिंग
सोमवार, १९ जानेवारी

प्रिय तनया,

काल तू निघताना म्हणालीस, "बाबा, मला लिही. पण तुझ्या स्टाइलमध्ये नको. जोक नको." मी हो म्हटलं. तेव्हा काय झालं ते आधी नीट लिहून काढतो, कारण तू जे पाहिलंस त्यातलं अर्धं तुझ्या पाठीमागे झालं.

मी दीडला पोचलो. आंद्रेआस दारात होता. मी खोक्यातून बुके काढला, कसा धरायचा ते दाखवलं, देठ खाली, अंगठा रिबिनीवर. त्याने बुकेकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुमचं नाव पॅडी नाही ना?"

मी म्हणालो, दुकानात तेच आहे.

"ती चिडली की तिची डावी भुवई अशी वर जाते," तो म्हणाला. "अगदी अशी. तिने मला खरं सांगितलंय, पहिल्या महिन्यातच. माझ्या आईला सांगायचा तिला धीर झाला नाही. प्लीज, जाऊ नका."

मी म्हणालो, माझी गाडी डबल यलो लाइनवर आहे, दंड होईल. हे मी खरंच म्हणालो. मुलगा हसला नाही. त्याने रिकाम्या हाताने माझी बाही धरली आणि सोडली नाही. आणि तुझी गाडी चाळीस मिनिटं लवकर आली.

तू उतरलीस. तुला मी आधी दिसलो, मग बुके. तुझं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता ही परत गाडीत बसणार, आणि हे मी केलं.

"बाबा," तू म्हणालीस. मोठ्याने. मराठीत. "तू इथे कशाला आलास?"

मी म्हणालो, "फुलं द्यायला. निघालोच."

डेस्पिनाबाई मागून आल्या. "टाटियाना, तू याला ओळखतेस? हा फ्लॉवर मॅन. मिस्टर पॅडी." मी तुझ्याकडे बघून मान हलवली. नको सांगूस, म्हणून. तू पाहिलंस. पाहूनही त्यांच्याकडे वळलीस आणि इंग्रजीत म्हणालीस, "हे माझे वडील आहेत. ते मेले नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माफ करा."

पायरीवर दहा-बारा माणसं होती.  बाईंनी तीनदा क्रॉस केला. मग जड पर्स माझ्या दंडावर घातली. तुझ्या नव्हे, माझ्या. "दोन तास मी गहू उकडले! दोन तास! आणि हा माझ्यासमोर बसून खातो! नाव म्हणायला शिकवतो!" मग रडायला लागल्या, आणि तुला जवळ घेतलं. तुझ्या केसांत तोंड घालून त्या ग्रीकमध्ये काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. तुलाही पूर्ण कळलं नसेल. पण त्यांनी तुला सोडलं नाही, हे मी पाहिलं.

त्यानंतर त्या मला तुझ्या शेजारी उभं करायला लागल्या. हात धर, म्हणाल्या, बाप आहेस ना. मी हात पुढे केला. करायला नको होता.

तू म्हणालीस, "नाही. मी एकटाच चालणार." मग थोडं थांबून, "तू आत जाऊन पुढे उभा रहा. मला दिसेल असा."

मी आत गेलो. डावीकडे, दुसऱ्या रांगेत, खांबाच्या अलीकडे. तू आंद्रेआसच्या हातून फुलं घेतलीस ते दारातल्या उजेडात दिसलं. दोघांच्या डोक्यांवर ते एका रिबिनीने जोडलेले मुकुट ठेवले, तीनदा अदलाबदल केले, टेबलाभोवती फिरवलं. पूर्ण वेळात तू दोनदा माझ्याकडे पाहिलंस. मी मोजलं. मी जागचा हललो नाही.

हॉलमध्ये जेवण झाल्यावर तू कोटांच्या खोलीत आलीस. मला तेव्हा बोलायचं होतं. मी तिलांजलीच्या शास्त्रार्थाने सुरुवात केली आणि तू म्हणालीस, "बाबा, स्टॉप." आणि मला लिहायला सांगितलंस, आणि पत्त्याचा मेसेज केलास.

तर लिहितो.

तू काही चुकीचं केलं नव्हतंस. आईने तुला सांगितलं ते तू केलंस. तिने ते मला सांगितलं नाही, कारण मी ऐकलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही होतं. तो राग मला तिच्यावर काढता येईना, ती गेली होती. म्हणून तुझ्यावर काढला. तू दारात उभी होतीस आणि तुझी आई जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि मी तुला मेलीस असं म्हणालो. तुला कळेल अशा बेताने म्हणालो. नंतर सहा वर्षं फोन केला नाही. तुझा नंबर माझ्याकडे होता. मला लाज वाटत होती आणि मी तिला तत्त्व म्हणत होतो.

मला माफ कर.

उत्तर देण्याची घाई नाही. आधीची पाच पत्रं आहेत, ती तू मागितलीस तर पाठवेन. त्यांत जोक आहेत. हे एवढंच आता पोस्टात टाकायला जातो.

बाबा